मोठ्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावताय? लुमेनच्या आधी लेन्स बघा

या लाइनमध्ये नवीन आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो की हॉल एवढा मोठा आहे तर किती लुमेनचा, म्हणजे किती उजेडाचा, प्रोजेक्टर लागेल. प्रश्न चुकीचा नाही पण अर्धाच आहे, कारण बॉक्सवर छापलेले लुमेन आणि पडद्यावर प्रत्यक्ष पडणारा उजेड यांच्या मधे लेन्स बसलेली असते, आणि मोठ्या मशीनला लेन्स वेगळी विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते, म्हणजे हा निर्णय कंपनी घेत नाही, तुम्ही घेता. चुकीची लेन्स घेतली तर तेच मशीन, तोच पडदा, तोच हॉल, आणि चित्र मात्र फिकं.

मी हे एका मोठ्या सभागृहात शिकलो. कंट्रोल रूम एकदम मागे, प्रोजेक्टर चांगला दणकट, सगळ्यांनी कागदावर हिशोब केलेला, आणि संध्याकाळी चित्र सुरू केलं तर पांढरा रंग राखाडी दिसत होता. सगळे म्हणाले अंतर जास्त आहे म्हणून उजेड कमी पडतोय. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी एका अनुभवी माणसाने येऊन फक्त झूम कुठे आहे ते बघितलं, तो पार शेवटच्या टोकाला होता, त्याने पुढच्या रेंजची लेन्स मागवून लावली आणि त्याच जागेवरून तेच मशीन वेगळंच दिसायला लागलं. प्रोजेक्टर एक इंचसुद्धा पुढे सरकवला नव्हता. तेव्हापासून लेन्सचा कागद वाचल्याशिवाय मी कुठल्याही हॉलला हो म्हणत नाही.

तर क्रमाने बघूया.

आधी एक गैरसमज काढून टाका

"लांबून मारलं की उजेड कमी होतो" हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. टॉर्चच्या बाबतीत ते खरं आहे, कारण टॉर्चच्या झोताचा कोन ठरलेला असतो, लांब गेलात की वर्तुळ मोठं होतं आणि उजेड पसरून पातळ होतो. प्रोजेक्टरचं तसं नाही. प्रोजेक्टरला लेन्स बदलून कोन बदलता येतो, त्यामुळे १० मीटरवरूनही ८ मीटर रुंद चित्र काढता येतं आणि ३० मीटरवरूनही तेवढंच काढता येतं. चित्र तेवढंच असेल आणि लेन्समधून बाहेर पडलेले लुमेन तेवढेच असतील तर पडद्यावर उजेड सारखाच पडणार. एक डबा रंगाचा आहे असं समजा, भिंत किती मोठी आहे यावर थर जाड बसणार की पातळ ते ठरतं, डबा किती लांबून उचलून आणला त्याचा काही संबंध नाही.

चित्राचा आकार मात्र फार खातो. रुंदी दुप्पट केली की उंचीही दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि उजेड पावपट. लांबून मारल्यावर खरोखर कमी पडतो तो दोन कारणांनी: एक म्हणजे लांबच्या झूमला लेन्सच उजेड अडवते, आणि दुसरं म्हणजे हवेत धूर किंवा धूळ असेल तर. पहिलं कारण मोठं आहे आणि बहुतेक वेळा टाळता येतं, या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचंय.

पहिली पायरी: टेप घ्या आणि मोजा

मोजायच्या गोष्टी तीनच. चित्राची रुंदी, चित्राची उंची, आणि लेन्सच्या तोंडापासून पडद्यापर्यंतचं सरळ अंतर. पडद्याची फ्रेम नाही, चित्राची रुंदी, नाहीतर बॉर्डर धरून मोजलेला आकडा पुढे त्रास देतो. अंतर मोजताना लेझर मीटर वापरा, नकाशावरचं अंतर धरू नका, कारण नकाशात स्टेजचा पुढचा भाग, पडद्याच्या पाठीमागची जागा, छताला टांगलेली ट्रस (मशीन आणि दिवे लावायचा धातूचा सांगाडा) असलं काहीच नीट नसतं.

मग अंतराला रुंदीने भागा. २८ मीटर अंतर आणि ८ मीटर रुंद चित्र असेल तर ३.५ आलं, याला थ्रो रेशो म्हणतात. आकडा लहान म्हणजे जवळून मोठं चित्र, आकडा मोठा म्हणजे लांबून. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

एक बारकी गोष्ट इथेच बघून घ्या, चिपचा (मशीनच्या आत चित्र तयार करणाऱ्या भागाचा) आकार आणि चित्राचा आकार जुळतो का. मोठ्या हॉलच्या बऱ्याच मशीनमध्ये चिप १९२० बाय १२०० म्हणजे १६:१० असते आणि आपण दाखवतो १६:९, मग वर आणि खाली काळी पट्टी राहते आणि चिपचा ९० टक्केच भाग वापरात येतो. उरलेल्या १० टक्क्यांवर पडलेला उजेड वाया. सिनेमास्कोप म्हणजे २.३९:१ चं चित्र त्याच चिपवर दाखवलं तर फक्त ६७ टक्के भाग वापरला जातो, एक तृतीयांश उजेड तिथेच गेला. हा काही लेन्सचा दोष नाही, पण हिशोबात धरला नाही तर नंतर बिचाऱ्या लेन्सला दोष जातो.

दुसरी पायरी: किती उजेड लागणार ते ठरवा

लुमेन म्हणजे मशीनमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. लक्स म्हणजे पडद्याच्या एका चौरस मीटरवर पडलेला उजेड. लुमेनला चौरस मीटरने भागलं की लक्स. एवढं गणित आलं तरी पुष्कळ काम होतं.

आता हॉलमध्ये दिवे चालू असताना पडद्यावर किती उजेड पडतोय ते लक्समीटरने मोजा, प्रोजेक्टर बंद ठेवून, मीटर पडद्याला चिकटवून तोंड बाहेर करून. समजा ३० लक्स आला. हा ३० लक्स तुमच्या काळ्या रंगावरही पडणार, म्हणजे काळा कधीच काळा दिसणार नाही, करडा दिसणार. मग चित्र किती उठून दिसेल हे काढायला प्रोजेक्टरचा लक्स आणि हा ३० लक्स यांची बेरीज करायची आणि ३० ने भागायचं. इन्फोकॉम, म्हणजे आताची अविक्सा, या संस्थेचं २०११ चं एक स्टँडर्ड आहे, त्यात हे प्रमाण किमान किती हवं ते दिलंय: प्रेक्षक नुसतं बघत बसणार असतील तर ७, बघून काही निर्णय घ्यायचे असतील तर १५, नकाशे किंवा बारीक तपशील तपासायचे असतील तर ५०, आणि सिनेमासारखा व्हिडिओ नीट बघायचा तर ८०.

पूर्ण अंधाऱ्या सिनेमागृहाचा हिशोब वेगळा असतो, तिथे डिजिटल सिनेमाचं ठरलेलं लक्ष्य पडद्याच्या मध्यभागी ४८ निट म्हणजे १४ फूट-लॅम्बर्ट आहे, ही दोन्ही मापं पडद्यावरून डोळ्यांकडे परत येणाऱ्या उजेडाची. लक्सला पडद्याच्या गेनने (पडदा समोरच्या दिशेला उजेड किती जास्त फेकतो तो आकडा, साध्या मॅट पडद्याचा साधारण १) गुणून ३.१४ ने भागलं की निट मिळतात, म्हणजे गेन १ च्या पडद्यावर साधारण १५१ लक्स पुरतात. अंधार असला की कमी उजेडात भागतं. सभागृह, प्रार्थनास्थळ, कॉन्फरन्स हॉल अशा ठिकाणी दिवे पूर्ण बंद होत नाहीत म्हणून तिथे जास्त मारावं लागतं. जमत असेल तर पडद्यावर थेट पडणारे दोन दिवे बंद करायला सांगा, ३० चे १५ लक्स झाले तर काहीही खर्च न करता चित्र जवळजवळ दुप्पट उठावदार होतं. हे काम मी नेहमी लेन्स बदलण्याच्याही आधी करतो.

तिसरी पायरी: लेन्सचा कागद वाचा, आणि इथे घाई करू नका

आपला थ्रो ३.५ आहे. समजा मशीनच्या लेन्स यादीत तीन झूम लेन्स आहेत, एक १.२ ते १.८, दुसरी १.८ ते ३.६, तिसरी ३.३ ते ५.५. दुसरी आणि तिसरी दोन्हीत ३.५ बसतो. नवीन माणूस दुसरी उचलतो कारण ती सगळ्यांकडे असते, आणि ती बसतेही. पण दुसरीत ३.५ म्हणजे झूमचं अगदी शेवटचं टोक, ज्याला टेली म्हणतात, आणि तिसरीत ३.५ म्हणजे सुरुवातीचं टोक, वाइड.

फरक काय पडतो? बहुतेक झूम लेन्सचा एफ नंबर वाइडला छोटा आणि टेलीला मोठा असतो. एफ नंबर म्हणजे लेन्सचं फोकल अंतर भागिले तिचं उजेड जाण्याचं तोंड. नंबर छोटा म्हणजे तोंड मोठं, उजेड जास्त. आणि उजेड या नंबरच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून कागदावर छोटा वाटणारा फरक पडद्यावर मोठा होतो. एफ/२ वरून एफ/२.४ वर गेलात तर २ चा वर्ग ४, २.४ चा वर्ग ५.७६, भागाकार ०.६९. म्हणजे ३१ टक्के उजेड लेन्सच्या आतच अडला. अर्थात हा कागदावरचा सगळ्यात वाईट आकडा झाला, प्रत्यक्षात झोताच्या मधल्या भागात उजेड दाट असतो आणि कडेला विरळ, त्यामुळे तोटा यापेक्षा थोडा कमी येतो, पण दिशा तीच.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे जी सेल्सवाले सहसा सांगत नाहीत. लेन्स उजेड तयार करत नाही, आतल्या इंजिनकडून (दिवा किंवा लेझर आणि चिप मिळून) आलेला उजेड फक्त पुढे जाऊ देते. इंजिनमधून उजेड एका ठरलेल्या कोनात बाहेर पडतो. डीएलपी मशीनमधले, म्हणजे ज्यात चिपवरचे आरसे हलून चित्र बनवतात त्यातले, छोटे आरसे १२ अंश कलणारे असतील तर तो कोन साधारण एफ/२.४ ला जुळतो. अशा मशीनला तुम्ही एफ/१.८ ची लेन्स लावली म्हणून जास्तीचं काही मिळणार नाही, कारण तेवढ्या रुंद कोनात उजेड येतच नाही. आणि उलट, तिथे टेलीला एफ/२.५ झाली तरी तोटा फक्त ८ टक्क्यांच्या आसपास. पण इंजिन जास्त रुंद कोनाचं असेल, समजा एफ/१.७, आणि लेन्स टेलीला एफ/२.५, तर कागदावर ५४ टक्के गेले. म्हणून नुसता लेन्सचा एफ नंबर बघून उपयोग नाही, मशीन आणि लेन्स जोडीने बघायची.

हे सगळं हाताने काढत बसायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर थ्रो कॅल्क्युलेटर असतो, मशीन निवडा, लेन्स निवडा, अंतर टाका, काही कॅल्क्युलेटर त्या झूमला पडद्यावर किती उजेड मिळेल तेही दाखवतात. तसं दाखवत नसेल तर लेन्सच्या डेटाशीटमध्ये "ब्राइटनेस कमी होण्याचं प्रमाण" किंवा "लाइट आउटपुट" अशी ओळ शोधा, नाहीच सापडली तर कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला मेल टाका आणि विचारा की या लेन्सने या थ्रोला स्टँडर्ड लेन्सच्या तुलनेत किती टक्के लुमेन मिळतात. लाजू नका, हा अगदी योग्य प्रश्न आहे. बॉक्सवरचा आकडा सहसा स्टँडर्ड लेन्स लावून, फुल पॉवरवर, सगळ्यात उजेडी मोडमध्ये मोजलेला असतो, तुमच्या लेन्सने नाही.

तर सरळ नियम असा धरा: तुमचा थ्रो ज्या लेन्सच्या वाइड टोकाजवळ येतो ती आधी तपासा. तपासा म्हणतोय, डोळे झाकून घ्या म्हणत नाहीये, कारण काही लांबच्या लेन्स मुळातच बारीक तोंडाच्या असतात आणि त्यांचं वाइड टोक आधीच्या लेन्सच्या टेलीपेक्षा फार बरं नसतं. आणि अगदी टोकावरही बसवू नका, डेटाशीटमधल्या थ्रोमध्ये काही टक्के इकडेतिकडे असतं, वाइड टोक ३.५ लिहिलंय ते प्रत्यक्षात ३.६ निघालं आणि मशीन मागे भिंतीला टेकलेलं असेल तर चित्र लहान पडेल आणि पडदा पूर्ण भरणार नाही. पाच टक्के जागा मोकळी ठेवा.

फिक्स लेन्स मिळत असेल आणि जागा कायमची असेल तर तिचाही विचार करा. झूम नसल्यामुळे आत काचा कमी लागतात. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर कोटिंग नसेल तर ४ टक्के उजेड परत फिरतो, चांगलं कोटिंग असेल तर अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. ऐकायला किरकोळ वाटतं पण झूममध्ये १५ काचा असतील तर ३० पृष्ठभाग होतात, आणि अर्धा टक्का ३० वेळा गेला की १४ टक्के गेले. आणि हा परत फिरलेला उजेड आतच भटकून काळ्या भागावर पडतो, म्हणजे कॉन्ट्रास्टही खातो.

जवळून मारायचं असेल तर

कधी कधी मागून मारायला जागाच नसते, मधे खांब असतात, झुंबर असतं, स्टेजवर माणसं फिरतात आणि सावली पडते. मग शॉर्ट थ्रो किंवा आरशाची अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेन्स लागते. सोय मोठी आहे, मी नाही म्हणत नाही, पण उजेडाच्या दृष्टीने तीन गोष्टी बघा. एक, या लेन्समध्ये काचा जास्त असतात, वर आरसा, त्यामुळे स्टँडर्ड लेन्सपेक्षा लुमेन कमी मिळू शकतात, किती ते त्या लेन्सच्या कागदावर बघा. दोन, पडदा जरासा जरी हलला किंवा सुरकुतला तरी चित्र वाकडं होतं, म्हणून ताणून बसवलेला पडदाच लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते, ती म्हणजे गेन असलेला पडदा. गेन म्हणजे पडदा उजेड सगळीकडे सारखा न फेकता एका दिशेला जास्त फेकतो. थ्रो ३.५ असताना पडद्याच्या कडेला किरण सुमारे ८ अंशाने तिरका पडतो, म्हणजे जवळजवळ सरळच. थ्रो ०.८ असताना तोच किरण ३२ अंशाने पडतो. गेनवाला पडदा त्या तिरक्या किरणाला प्रेक्षकांपासून लांब, बाजूला फेकून देतो, मग मध्यभागी झगझगीत आणि कोपरे अंधारे, याला हॉट स्पॉट म्हणतात. पाठीमागून मारायच्या म्हणजे रिअर प्रोजेक्शनच्या पडद्यावर तर हे अजून वाईट दिसतं, पहिल्या रांगेत बसलेल्याला चक्क लेन्सचा गोळा दिसतो. म्हणून जवळून मारायचं असेल तर गेन १ च्या आसपासचा मॅट पडदा घ्या, गेनचा मोह सोडा. मीटरवर सरासरी ठीक येते आणि प्रेक्षक मात्र तक्रार करतात, असं झालं तर आधी हेच तपासा.

शिफ्ट वापरा, कीस्टोन शक्यतो टाळा

मशीन पडद्याच्या बरोबर समोर कधीच नसतं, वर टांगलेलं असतं नाहीतर बाजूला. चित्र जागेवर आणायचे दोन मार्ग आहेत. लेन्स शिफ्ट म्हणजे लेन्सच वर खाली डावी उजवी सरकते, चित्राचा चौकोन चौकोनच राहतो. कीस्टोन म्हणजे मशीन तिरकं ठेवून चिपवरच चित्र कापून सरळ करायचं, यात चिपचा काही भाग काळा करून टाकला जातो, त्या भागाचा उजेड गेला आणि पिक्सेलही गेले. मोठ्या हॉलमध्ये कीस्टोन म्हणजे पैसे देऊन घेतलेले लुमेन झाकून ठेवणं आहे. डिजिटल झूमने चित्र लहान करणं हाही तोच प्रकार, करू नका.

पण शिफ्टलाही मर्यादा आहे. लेन्स गोल चित्र बनवते आणि चिप त्या गोलाच्या आत कुठेतरी बसते, शिफ्ट पूर्ण ताणली की चिपचा कोपरा गोलाच्या कडेला जातो आणि तिथे उजेड कमी होतो. आडवी आणि उभी शिफ्ट दोन्ही एकदम पूर्ण वापरता येत नाही हेही लक्षात असू द्या. रिगिंगवाल्याशी, म्हणजे मशीन टांगणाऱ्याशी, आधीच बोलून मशीन अर्धा मीटर खाली किंवा मध्याकडे घेता आलं तर घ्या.

मधली काच आणि हवा

कंट्रोल रूममधून मारत असाल तर पुढे खिडकीची काच असते, पोर्ट ग्लास. साधी काच असेल तर दोन बाजूंना मिळून ८ टक्के उजेड गेला, कोटिंगवाली काच असेल तर एक-दोन टक्के. ती थोडी तिरकी बसवा म्हणजे परत फिरलेला उजेड लेन्समध्ये जाऊन भुताटकीसारखी दुसरी प्रतिमा दिसणार नाही. आणि पुसा. बोटांचे ठसे आणि धुळीचा थर काय करतो हे काच पुसायच्या आधी आणि नंतर मीटर लावून एकदा स्वतः बघा, मग सांगावं लागत नाही. कार्यक्रमात हेझ मशीन चालणार असेल तर त्यांच्याशी बोला, त्यांना लाइटचे झोत दिसायला धूर हवा असतो आणि तुमचा उजेड त्यातच विखुरतो, लांबच्या थ्रोला जास्तच.

आता सगळा हिशोब एकत्र

१५,००० लुमेनचं मशीन, चित्र ८ बाय ४.५ मीटर म्हणजे ३६ चौरस मीटर. बॉक्सवरून हिशोब केला तर ४१७ लक्स. हॉलमध्ये ३० लक्स उजेड आहे, म्हणजे ४४७ भागिले ३०, प्रमाण १४.९. व्वा, १५ च्या जवळ, काम झालं असं वाटतं. कोटेशनमध्ये हाच आकडा असतो.

आता खरा हिशोब करा. १६:१० चिपवर १६:९ चित्र, ९० टक्के, उरले १३,५००. झूम टेलीला, ३० टक्के गेले, उरले ९,४५०. मशीन वापरलेलं आहे, २० टक्के उतरलंय, उरले ७,५६०. साधी पोर्ट ग्लास, ८ टक्के, उरले ६,९५५. ३६ ने भागा, १९३ लक्स. प्रमाण ७.४. म्हणजे नुसतं बघत बसण्यापुरतं जेमतेम.

आता फक्त लेन्स बदला, आणि समजा तिसऱ्या लेन्सने तोटा ३० ऐवजी १० टक्के आला. मग शेवटी ८,९४२ लुमेन, २४८ लक्स, प्रमाण ९.३. काच कोटिंगवाली केली तर २६५ लक्स आणि ९.८. म्हणजे १९३ वरून २६५, सदतीस टक्के वाढ, मशीन तेच. एवढीच वाढ मशीन बदलून मिळवायची तर २०,००० लुमेनच्या पुढचं मशीन शोधावं लागलं असतं, त्याचं वजन, त्याची वीज, त्याचा आवाज सगळं वेगळं. १५ हवंच असेल तर लेन्स एकटी पुरणार नाही हेही या हिशोबातच दिसतं, मग दिवे कमी करा, चित्र लहान करा किंवा दोन मशीन एकावर एक मारा.

ते २० टक्के मी उगाच नाही धरले. आयएसओ २१११८ या मोजणीच्या स्टँडर्डमध्ये नवीन मशीनसुद्धा लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली असलं तरी चालतं, आणि बऱ्याच लेझर मशीनचं २०,००० तास आयुष्य म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड निम्मा होणार असा अर्थ असतो, मधल्या काळात तो हळूहळू उतरतच असतो. भाड्याने घेताना किती तास झालेत ते मेनूमध्ये बघा.

लेन्स बसवताना आणि मोजताना

मशीन बंद करून थंड होऊ द्या. लेन्स काढायच्या आधी शिफ्ट मध्यावर म्हणजे होम पोझिशनला आणा, नाहीतर काढताना अडकते. लांबच्या लेन्स जड असतात, एकाने धरायची आणि दुसऱ्याने रिलीज दाबायचा. उघड्या तोंडातून आत धूळ जाऊ देऊ नका, दुसरी लेन्स हातात तयार असल्याशिवाय पहिली काढू नका. बसवल्यावर मेनूमधून लेन्स टाइप निवडा आणि कॅलिब्रेशन चालवा, हे राहिलं तर झूम आणि शिफ्टच्या मर्यादा चुकतात. फोकस शेवटचा करायचा, मशीन अर्धा तास चालू राहून लेन्स तापल्यावर, कारण गार लेन्सवर केलेला फोकस नंतर सरकतो.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. चालू मशीनच्या लेन्ससमोर पुठ्ठा किंवा कापड धरून चित्र झाकू नका, मोठ्या मशीनचा झोत ते जाळू शकतो आणि उष्णता परत लेन्सवर जाते, त्यासाठी शटर आहे. आणि लेझर मशीनला लांबची लेन्स लावली की झोत दाट होतो आणि डोळ्यांसाठी धोक्याचं अंतर वाढतं, म्हणून त्या लेन्ससाठी मॅन्युअलमध्ये किती अंतर दिलंय ते बघून बाल्कनीतला किंवा स्टेजवरचा कोणी त्या आत येणार नाही अशी जागा ठरवा. लेन्स बदलली की हा आकडा पुन्हा बघायचा, आधीचा चालत नाही.

मग मोजा. पूर्ण पांढरं चित्र लावा, पडद्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग करा, प्रत्येक भागाच्या मध्यभागी मीटर पडद्याला टेकवून तोंड प्रोजेक्टरकडे करून वाचन घ्या. प्रत्येक वाचनातून हॉलचा उजेड वजा करा, सरासरी काढा, क्षेत्रफळाने गुणा, हे तुमचे खरे लुमेन. फोनमधल्या अ‍ॅपवर विसंबू नका, साधा का होईना पण वेगळा लक्समीटर घ्या. सरासरीबरोबर कोपऱ्यांचं वाचन मध्याशी ताडून बघा, सिनेमाच्या पडद्यावर कडेला मध्याच्या ७५ ते ९० टक्के उजेड चालतो, हॉलसाठीही तेच धरा. एकच कोपरा खूप खाली असेल तर शिफ्ट जास्त ताणली आहे, चारही कोपरे सारखेच खाली असतील तर लेन्स किंवा पडद्याचा गेन बघा, आणि सगळीकडेच कमी असेल तर झूमचं टोक, मशीनचा पॉवर मोड आणि पुढची काच या क्रमाने तपासा.

ही नऊ वाचनं, लेन्सचं मॉडेल, झूम कुठे होता, शिफ्ट किती होती आणि मशीनचे तास, सगळं तारखेसकट लिहून मशीनच्या केसमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये कोणी म्हणालं की चित्र फिकं दिसतंय, तर त्याच नऊ जागांवर पुन्हा मीटर लावायचा आणि दोन कागद शेजारी ठेवायचे.